सुट्टी जवळ आली, पैसा कुठे थांबला?



मे महिना आला की पोरं मामाच्या गावाला पळायची. 2020 साली ते थांबलं. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली. पुढे जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. सुट्टी घरातच काढावी लागली. आपल्याला कसली सुट्टी? घरात माणसं वाढली, तशा भाकरी वाढल्या आणि पाण्याच्या खेपाही वाढल्या.

आज त्या सुट्टीचा भूगोल बघू. माणूस कुठे जातो, पैसा कुठे पडतो, कचरा कुठे राहतो, हाही भूगोलच की!

आधी शिर्डी. 17 मार्च 2020 ला साईमंदिर दर्शनासाठी बंद झालं, ते 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झालं आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. देऊळ एका गावात, पण त्यावर पेटणाऱ्या चुली आसपासच्या कितीतरी गावांत. गुलाब तोडणारी, हार ओवणारी, लॉजवर चादरी धुणारी बाई घरी बसली. दार उघडलं तरी हार-फुलं आत नेण्यावरची बंदी पुढेही बराच काळ राहिली. म्हणजे भाविक आले, पण फुलांचा पैसा शेतापर्यंत पोचला नाही.

आता अकोले तालुक्यात चला. सप्टेंबर 2020 मध्ये ई-पासची अट गेली. पण परदेशाची वाट बंदच होती. जगभरात त्या वर्षी परदेशी जाणारे प्रवासी 70 टक्क्यांहून जास्त घटले. लांब जाता येईना, म्हणून लोक जवळचं ठिकाण शोधू लागले. पुणे, नाशिक, मुंबईच्या माणसाला भंडारदरा, रंधा धबधबा, सांदण दरी, कळसूबाई जवळ.

गर्दी दिसली की गावाला पैसा मिळाला, असं आम्हालाही वाटायचं. पण तसं नसतं. सकाळी स्वतःच्या गाडीतून येऊन संध्याकाळी परतणारा पाहुणा डबा घरून आणतो, पाण्याच्या बाटल्याही आणतो. रिकाम्या बाटल्या इथेच टाकतो. अरुंद घाटरस्त्यावर गाड्या अडकतात. त्याच वेळी कुणा बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असलं तर? रात्री मुक्कामाला राहणारा मात्र गावातलं जेवतो. नागलीची भाकरी, तांदळाचा भात, ठेचा, याचे पैसे गावात राहतात.

पाण्याचंही तसंच. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी खालचा ऊस पिकतो, पण धरणाच्या वरच्या कितीतरी वाड्यांत उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावर हंडा असतोच. मग तंबूतल्या पाहुण्यांना पाणी कुठल्या विहिरीचं? त्यांचं सांडपाणी, शौचालय कुठे? हे आधी बाईनेच विचारायला हवं, कारण विहीर आटली की लांब तिलाच जावं लागतं.

महामारी सरली, पण जवळ फिरायची सवय राहिली. म्हणून बचत गटाने एक काम करावं. अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढा. विहीर, शाळा, गाड्या थांबायची जागा, तंबू, जेवण मिळणारी घरं, कचरा पडतो ती जागा, सगळं दाखवा. मग एका रविवारी आणि एका साध्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या मोजा. त्यातले किती जण गावात जेवले, किती मुक्कामाला राहिले, ते वहीत लिहा. विहिरीचं पाणी सकाळी किती होतं, संध्याकाळी किती उरलं, तेही लिहा.

ती वही महिला ग्रामसभेत ठेवा. गाड्या कुठे लावायच्या, किती शुल्क घ्यायचं, कचरा कोण उचलणार, त्याची मजुरी कुणाला, हे तिथे ठरवा. नुसती तक्रार कुणी विसरेल. आकडे लिहिलेली वही समोर असली की उत्तर द्यावं लागतं.

पाहुणा आपल्याला नको आहे का? नाही हो, यावा की! पण तो गेल्यावर आपल्या पदरात कचराच नको, चार पैसेही पडावेत.

पुढच्या बैठकीला वही आणि रांगोळी घेऊनच या.