देवकुंडाची वाट

रायगड जिल्ह्यांतील भिरा येथें १९२७ पासून पाण्यावर वीज निर्माण होते. त्याच गांवाहून देवकुंडाची वाट निघते. प्रथम जलाशयाचा कांठ, मग ओढे, पुढें दाट रान. आणि एकाएकीं काळ्या कड्यावरून कोसळणारी शुभ्र धार दिसते. कुंडलिकेचा उगम लोक येथेंच मानतात. शतकानुशतकें पडणाऱ्या पाण्यानें पायथ्याचा कातळ पोखरला आहे. म्हणून कुंड शांत दिसलें, तरी खोल आहे. त्यांत पोहणारेहि बुडाले आहेत. माथ्यावर पाऊस झाला, कीं खालीं ऊन असतांहि ओढे फुगतात व परतीची वाट बंद होते. म्हणूनच पावसाळ्यांत अनेकदां मनाईहुकूम निघतो. वाटाड्यानें ‘मागें फिरा’ म्हणतांच जो निमूटपणें फिरतो, तो कांहींच गमावीत नाहीं. पाऊस ओसरल्यावर धबधबा तेथेंच असतो.