जिभेची साक्ष



ज्ञानेंद्रियांचा पाठ आपण दरवर्षी शिकवितो. डोळा, कान यांना पुरता तास मिळतो. जीभ मात्र फळ्यावरील आकृतीवर भागते. टोकाला गोड, कडांना आंबट, मागे कडू. मीही कित्येक वर्षे हीच आकृती काढीत आलो. एके दिवशी दुसरीतील एका मुलीने गुळाचा खडा जिभेच्या कडेला धरला व म्हणाली, "गुरुजी, हितंबी ग्वाड लागतंय." मी तिला खाली बसविले आणि आकृती पुरी केली. चूक तिची नव्हती, फळ्याची होती.

१९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनक्षमता मोजली. त्यास आढळलेला फरक अगदी थोडा होता. पुढे १९४२ साली बोरिंग यांच्या ग्रंथातील आलेखामुळे तो फार मोठा भासू लागला व हा नकाशा रूढ झाला. वस्तुतः जेथे रुचिकलिका आहेत तेथे सर्वच चवी कळतात.

तेव्हा पदार्थच वर्गात आणावेत. गूळ, मीठ, चिंचेचे पाणी, कारल्याची चकती आणि आवळा एवढे पुरे. हात धुवून घ्यावेत; चमचा प्रत्येकाचा निराळा. स्वच्छ फडक्याने जीभ कोरडी करवून तीवर साखरेचे चार दाणे ठेवावेत. क्षणभर काहीच कळत नाही. लाळेत विरघळल्यावरच गोडी उमटते. मग नाक दाबून बडीशेप चावावयास सांगावे. गोडसर लागते, पण बडीशेप काही ओळखू येत नाही. नाक सोडताच वर्गात जो हशा पिकतो, तो ऐकण्यासारखा असतो.

मिरचीचे नाव कोणीतरी घेतेच. तिखट ही शास्त्रदृष्ट्या चव नव्हे, दाह आहे. म्हणून तर मिरचीचा हात डोळ्यासही झोंबतो. आपल्या षड्रसांत तिखटास स्थान आहे, पण 'कटु' या नावाने. संस्कृतातील कटु म्हणजे तिखट, आणि तिक्त म्हणजे आपले कडू. हे मुलांस सांगण्याचे कारण नाही, आपणांस ठाऊक असावे.

या पाठात एक धोका आहे, आणि त्याविषयी मला आग्रहाने बोलावयाचे आहे. कडू ते वाईट व गोड ते खाण्याजोगे, असा समज मुले सहज करून घेतात. शाळेच्या कुंपणाशी पुष्कळदा मोगली एरंड असतो. त्याच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुले त्या वाटून खातात. मग उलट्या व जुलाब सुरू होतात. आपल्या राज्यात शाळकरी मुलांना अशी विषबाधा वारंवार झालेली आहे. त्या झाडापाशी वर्ग नेऊन ते दुरून ओळखवून द्यावे. कोणी बी खाल्लीच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, व बी सोबत घ्यावी.

ती मुलगी आता सहावीत आहे. परवा तिला दुसरीच्या वर्गात बोलावून मी तो पाठ पुन्हा घेतला. गूळ तिनेच वाटला.