हॉलिवूडचे उन्हाळी मारधाडपट आणि श्रमिक प्रेक्षक
(सांस्कृतिक अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



सांस्कृतिक आघाडीवरील चर्चांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो आणि बहुधा घाईने निकालात काढला जातो. दरवर्षी मे ते ऑगस्ट या काळात अमेरिकेत प्रदर्शित होऊन जगभर पसरणारे प्रचंड खर्चाचे मारधाडपट कोट्यवधी कष्टकरी माणसे इतक्या आवडीने का पाहतात? एक मत असे की, हा साम्राज्यवादी संस्कृतीचा कचरा असून त्याची दखल घेण्याचे कारण नाही. दुसरे मत असे की, करमणूक ही करमणूकच असते. तेथे राजकारण शोधू नये. पहिल्या मतात जनतेचा अवमान आहे, तर दुसऱ्यात मक्तेदार भांडवलाला मोकळे रान आहे. दोन्ही मते एकाच ठिकाणी चुकतात. चित्रपट पाहणारा माणूस आणि चित्रपट विकणारी कंपनी यांच्यातील फरक ती ओळखत नाहीत.

गल्ल्याचे अर्थशास्त्र

उन्हाळा हा अमेरिकेतील चित्रपट-व्यवसायाचा मूळचा हंगाम नव्हे. उकाड्यात बंदिस्त प्रेक्षागृहात बसण्यास लोक तयार नसत. न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात 1925 साली कॅरियरची वातानुकूलन यंत्रणा बसली आणि ही स्थिती पालटू लागली. ज्या कुटुंबांच्या घरी गारवा नव्हता, त्यांना तिकिटाच्या पैशात दोन तासांचा गारवा मिळू लागला. या चित्रपटांच्या आकर्षणाचा पहिला धागा असा साधा आणि शारीरिक आहे. थकलेल्या शरीराला विसावा हवा असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आजच्या स्वरूपातील उन्हाळी हंगामाचा आरंभ मात्र 20 जून 1975 रोजी झाला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ त्या दिवशी अमेरिकेतील चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी झळकला. तोपर्यंत महत्त्वाचा चित्रपट प्रथम मोठ्या शहरांत लागे. परीक्षणे येत, पाहणारे इतरांना सांगत आणि मग तो हळूहळू लहान गावांत पोहोचे. ‘जॉज’च्या वेळी युनिव्हर्सल कंपनीने प्रदर्शनापूर्वीचे काही दिवस दूरचित्रवाणीवर देशभर जाहिरातींचा भडिमार केला. चित्रपट चांगला की वाईट, हे प्रेक्षकांनी एकमेकांना सांगण्यापूर्वीच तिकिटे विकली जावीत, असा या पद्धतीचा अर्थ होतो. ‘जॉज’ स्वतः उत्तम चित्रपट होता. परंतु त्याच्या मागोमाग ही पद्धत वाईट चित्रपटांनाही तितकीच उपयोगी पडली. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला हेच कलाकृतीचे मोजमाप ठरले.

दोन वर्षांनी, 25 मे 1977 रोजी, जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ आला. त्याच्या खेळण्यांची मागणी इतकी वाढली की त्या वर्षीच्या नाताळात खेळणी तयारच नव्हती, आणि केनर कंपनीने पुढे मिळावयाच्या बाहुल्यांचे प्रमाणपत्र असलेला जवळजवळ रिकामा खोका मुलांना विकला. वस्तू नसतानाही वस्तूची हाव विकता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. पुढे भांडवलाचे केंद्रीकरण ठरल्या वाटेने झाले. कोका-कोला कंपनीने 1982 साली कोलंबिया ही चित्रपटसंस्था विकत घेतली आणि 1989 साली ती सोनीकडे गेली. डिस्नेने 2009 साली मार्व्हल, 2012 साली लुकासफिल्म आणि 2019 साली फॉक्सचा चित्रपट-व्यवसाय गिळंकृत केला. एका चित्रपटावर वीस-पंचवीस कोटी डॉलर ओतणाऱ्या कंपनीला कोणतीही बाजारपेठ गमावणे परवडत नाही. यास्तव संवाद कमी, स्फोट अधिक. नव्या कथेपेक्षा जुन्या कथेचा आठवा-नववा भाग अधिक. या चित्रपटांचे दारिद्र्य दिग्दर्शकाच्या बुद्धीचे नसून भांडवलाच्या भीतीचे आहे.

आकर्षणाचे खरे मूळ

तरीही केवळ जाहिरातीने कोणी तीन तास खुर्चीला खिळून राहत नाही. अमेरिकन मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी 1979 सालच्या एका निबंधात ‘जॉज’चीच चिकित्सा करताना दाखवून दिले की, बहुजनांसाठीची कलाकृती लोकांच्या खऱ्या भयाला आणि खऱ्या आशेला स्पर्श केल्याशिवाय त्यांना फसवूही शकत नाही. हे सूत्र मोलाचे आहे.

‘जॉज’मध्ये एका बेटावरील गावाच्या समुद्रात नरभक्षक शार्क येतो. किनारा बंद करावा असे पोलीसप्रमुख म्हणतो. पण 4 जुलैच्या सुटीचा धंदा बुडेल म्हणून नगराध्यक्ष आणि व्यापारी तो उघडा ठेवतात, आणि माणसे मरतात. नफ्यासाठी माणसांचा जीव धोक्यात घालणारी सत्ता पाहून प्रेक्षागृहातील कामगार संतापतो, कारण असुरक्षित यंत्रावर काम करताना ती सत्ता त्याने पाहिलेली असते. ‘स्टार वॉर्स’मध्ये मूठभर बंडखोर एका अजस्र साम्राज्याचे शस्त्रागार उडवून देतात. त्या साम्राज्यामागे व्हिएतनाम युद्धातील अमेरिकेची छाया होती, हे लुकास यांनी स्वतःच सांगितले आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतो ती बंदुकीसाठी नव्हे. अन्याय करणारा एकदा तरी हरावा या इच्छेसाठी. जी इच्छा कारखान्यात, कचेरीत, न्यायालयात वर्षानुवर्षे अपुरी राहते, ती दोन तासांत पुरी होताना दिसते. ही इच्छा निरोगी आहे. किंबहुना प्रत्येक संपाच्या मुळाशी तीच असते.

उणीव कोठे आहे?

उणीव आहे ती या इच्छेचे पुढे काय केले जाते त्यात. ‘जॉज’च्या उत्तरार्धात तीन माणसे नौकेतून समुद्रावर जातात, शार्क मारला जातो आणि चित्रपट संपतो. नगराध्यक्षाचे काय झाले? व्यापाऱ्यांना कोणी जाब विचारला? गावाची सभा भरली काय? हे प्रश्न पाण्यात बुडतात. सामाजिक प्रश्नाने सुरू झालेली कथा शिकारीने संपते. हाच साचा पुढील पन्नास वर्षे गिरवला गेला. संकट सर्वांचे, पण उद्धारक एक. जनता म्हणजे पळणारी, किंचाळणारी आणि शेवटी टाळ्या वाजवणारी गर्दी.

मारधाडपटाचा हा जन्मजात दोष आहे काय? इतिहास तसे म्हणत नाही. सर्गेई आयझेनस्टाईन यांचा 1925 सालचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा थरारक प्रसंगांनी भरलेलाच चित्रपट होता. त्याचा नायक मात्र बंड करणारे खलाशी आणि त्यांना साथ देणारी ओडेसाची जनता होती. तेथील पायऱ्यांवर झारचे सैनिक गोळ्या झाडतात, आई कोसळते आणि बाळाची गाडी एकटीच पायऱ्यांवरून घरंगळत जाते. जून 1987 मध्ये ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये हीच बाळाची गाडी शिकागोच्या रेल्वे स्थानकातील पायऱ्यांवरून घरंगळली. चित्रीकरण कुशल होते, प्रेक्षकांचे श्वास रोखले गेले. परंतु आता पायऱ्यांवर जनता नव्हती. होते ते सरकारी अधिकारी, गुंड आणि अचूक नेम. हॉलिवूडने गाडी घेतली आणि क्रांती मागे ठेवली.

हे आपोआप घडलेले नाही. 1947 साली अमेरिकन संसदेच्या समितीने हॉलिवूडमधील डाव्या कलावंतांची चौकशी आरंभली. दहा जण तुरुंगात गेले आणि असंख्यांची नावे काळ्या यादीत गेली. अशा बहिष्कृत कलावंतांनी न्यू मेक्सिकोतील खाणकामगारांच्या संपावर ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट काढला. त्यात खुद्द खाणकामगारांनी भूमिका केल्या. 1954 साली तो तयार झाला तेव्हा मोजक्या चित्रपटगृहांखेरीज कोणी तो दाखवला नाही. जनतेला नायक करणारी परंपरा तेथे नव्हती असे नव्हे. ती उपटून काढण्यात आली.

रिकाम्या जागी युद्धखात्याला प्रवेश मिळाला. विमाने, युद्धनौका, रणगाडे हवे असतील तर पटकथा पेंटॅगॉनला दाखवावी लागते. 1986 सालच्या ‘टॉप गन’ला आणि 2022 सालच्या त्याच्या उत्तरभागाला अमेरिकन नौदलाने विमाने पुरवली. उलट 1996 सालच्या ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये एका गुप्त लष्करी तळाचा उल्लेख गाळण्यास निर्मात्यांनी नकार देताच हे सहकार्य काढून घेण्यात आले. ऑगस्ट 1984 च्या ‘रेड डॉन’मध्ये अमेरिकेवर चाल करून येणारे शत्रू सोव्हिएत आणि क्यूबन होते. 2012 च्या नव्या आवृत्तीत चिनी आक्रमकांचे चित्रीकरण झाले. पण चीनची बाजारपेठ आठवताच त्यांची निशाणे पुसून त्यांना उत्तर कोरियाचे सैनिक करण्यात आले. म्हणजे या चित्रपटांचा शत्रूदेखील तत्त्वावर नव्हे, तिकीटविक्रीवर ठरतो.

पडद्यामागचे श्रमिक

या विषयाशी भारतीय श्रमिकाचा संबंध केवळ प्रेक्षक म्हणून नाही. 1994 साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि भाषांतरित हॉलिवूडपटांची बाजारपेठ येथे उघडली. त्याच सुमारास संगणकाने दृश्यपरिणाम घडवण्याचे युग सुरू झाले होते, आणि पुढे ते काम मुंबई, हैदराबाद व बंगळुरूच्या तरुणांकडे आले. पडद्यावर कोसळणाऱ्या इमारतीच्या प्रत्येक चौकटीमागे कोणीतरी रात्रपाळी केलेली असते.

‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाले. सभागृहाबाहेर दृश्यपरिणाम-कलावंतांची निदर्शने सुरू होती, आणि आत पारितोषिक स्वीकारणाऱ्याने संस्थेच्या हलाखीचा विषय काढताच वाद्यवृंदाने संगीत वाजवून त्याचे बोलणे तोडले. ते संगीत ‘जॉज’चे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातील हजारो कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला. जगाला वाचवणाऱ्या नायकांना या माणसांनी घडवले. त्यांना वाचवण्यास मात्र कोणताही नायक आला नाही.

आले ते संघटन. 2 मे 2023 रोजी, म्हणजे उन्हाळी हंगामाच्या तोंडावर, हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला आणि 14 जुलैपासून अभिनेते त्यात उतरले. 1960 नंतर प्रथमच दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर होत्या. आदल्या दिवशी लंडनमध्ये ‘ओपनहायमर’च्या पहिल्या खेळापूर्वी त्यातील अभिनेते समारंभ सोडून निघून गेले. लेखकांचा लढा 148 दिवस चालला, अभिनेत्यांचा 118 दिवस. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर मर्यादा घालणारे करार मालकांना करावे लागले. त्याच सप्टेंबरात मार्व्हलच्या दृश्यपरिणाम-कामगारांनी एकमताने संघटनेच्या बाजूने मतदान केले. ज्या उद्योगाने अर्धशतक एकट्या नायकाची कथा विकली, त्याच उद्योगात ती कथा खोटी असल्याचे त्याच्याच कामगारांनी सिद्ध केले.

कार्यकर्त्याचे काम

यातून निष्कर्ष निघतो तो असा. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन असा चित्रपट पाहण्यास जाणाऱ्या कामगाराला हिणवणारा कार्यकर्ता त्याला मालकाच्या हवाली करतो. त्या आनंदात सहभागी होऊन, नंतर चहाच्या पेल्यावर तीन प्रश्न विचारणारा कार्यकर्ता त्याला जवळ आणतो. संकट कोणी ओढवून घेतले? ते निवारताना बाकीची माणसे कोठे होती? आणि ज्यांनी हे सारे पडद्यावर उभे केले, त्यांना काय मिळाले? ही चर्चा युनियनच्या कचेरीत, वस्तीत, युवक-शाखेत होऊ शकते. तिला विद्वत्तेची गरज नाही.

अन्याय करणारा हरावा, ही इच्छा प्रेक्षक चित्रपटगृहात शिरताना सोबत घेऊनच येतो. कंपनी ती फक्त भाड्याने घेते. दिवे लागल्यावर ती इच्छा खुर्चीवरच राहू द्यावयाची, की त्याच्यासोबत बाहेर रस्त्यावर आणावयाची, याचा निर्णय हॉलिवूडमध्ये होत नाही. तो संघटनेच्या कामावर अवलंबून आहे.