मंडईचे छप्पर आणि करदात्यांचा हिशेब

(स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून उत्तरेस थोडे अंतर चालून गेले म्हणजे उंच मनोऱ्याची एक भव्य दगडी वास्तू दृष्टीस पडते. महात्मा जोतिबा फुले मंडई हे तिचे अधिकृत नाव. परंतु मुंबईकरांच्या तोंडी ‘क्रॉफर्ड मार्केट’ हे जुने नावच रुळलेले आहे. अलीकडे मोठ्या शहरांतून एकाच छपराखाली शेकडो दुकाने असलेले मॉल उभे राहिले आहेत. नाना प्रकारच्या मालाचा व्यापार एका छपराखाली आणण्याची कल्पना मुंबईने १८६९ मध्येच साकार केली होती. मात्र मॉल हा बहुधा खाजगी भांडवलाचा उद्योग असतो. मंडई ही नगराची सार्वजनिक वास्तू आहे. म्हणूनच तिचा इतिहास हा केवळ व्यापाराचा इतिहास नाही. सार्वजनिक पैसा कोणी, कशावर आणि कोणाला विचारून खर्च करावा, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

मंडईची गरज

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला, पोटापाण्यासाठी माणसांचे लोंढे आले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाखांवर गेली. वस्ती वाढली, परंतु गटारे, पाणी आणि बाजार यांची व्यवस्था त्या मानाने वाढली नाही. भाजी, फळे, मांस आणि मासळी दाटीच्या गल्ल्यांतून विकली जावी, सडका माल तेथेच कुजावा आणि त्यातून रोगराई पसरावी, हा शहरापुढील मोठा प्रश्न होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. नेमक्या त्याच वर्षी नव्या कायद्यान्वये नगराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर या एका अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ होते. रस्ते, गटारे, सफाई आणि बाजार यांची कामे त्यांनी एकदमच हाती घेतली. ही मंडई त्यांतलीच एक.

दगड, लोखंड आणि उजेड

मंडईचा आराखडा विल्यम इमर्सन या तरुण वास्तुशिल्पज्ञाने केला. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा शिल्पकारही पुढे तोच झाला. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबूस दगड यांच्या मिलाफाने दर्शनी भाग सजला. मनोऱ्याची उंची १२८ फूट ठेवण्यात आली. प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. ते जवळच्याच जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. या शिल्पांत शेतात राबणारी माणसे कोरलेली आहेत. ज्यांच्या श्रमावर मंडई चालते, त्यांना प्रवेशद्वारावरच स्थान मिळाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शोभेइतकाच उपयोगाचाही विचार झाला होता. लोखंडी सांगाड्यावरील उंच छपरामुळे वरून उजेड येई, हवा खेळती राही. खाली स्कॉटलंडहून आणलेली फरशी घातली होती. मालाच्या प्रकारानुसार विभाग पाडलेले असल्याने देखरेख करणे सोपे गेले. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लागले. देशातील सार्वजनिक इमारतींत वीज आली, त्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय.

करदात्यांचा सवाल

कामे झाली, पण तिजोरी रिकामी झाली. शहर मंदीच्या फेऱ्यात असताना खर्च वाढत गेला आणि करांचा बोजा नागरिकांना असह्य वाटू लागला. कारभारावर देखरेख ठेवणारे जस्टिस ऑफ द पीस हे सरकारने नेमलेले. ते करदात्यांना जबाबदार नव्हते. १८७१ मध्ये असंतोष उघडपणे प्रकट झाला, सभा भरल्या आणि क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

या गदारोळात फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी शहराचे आरोग्य सुधारले हे त्यांनी मान्य केले. दोष कामे करण्याच्या उत्साहात नसून, त्या उत्साहावर करदात्यांच्या प्रतिनिधींचा अंकुश नाही यात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. श्रोत्यांना ते रुचले नाही. परंतु १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. मताधिकार तेव्हा मूठभरांपुरताच होता. तरीही निवडणुकीचे तत्त्व रुजले. हिशेबतपासणीची तरतूदही कायद्यात झाली. पुढे १८८८ चा महापालिका कायदा झाला, त्याच्या घडणीत मेहता यांचा मोठा वाटा होता. आजही मुंबईचा नागरी कारभार त्याच कायद्याच्या चौकटीत चालतो.

नावामागील अर्थ

स्वातंत्र्योत्तर काळात मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पुण्यातील मुख्य मंडईही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली होती. या दुसऱ्या नामकरणात एक विलक्षण योगायोग आहे. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पुण्यात मंडईची भव्य इमारत बांधण्याचा विषय निघाला, तेव्हा जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी या खर्चाला विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाची निकड त्याहून मोठी आहे, ही जोतीरावांची भूमिका होती. त्यापूर्वी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याच्या ठरावालाही त्यांनी एकट्याने विरोध नोंदविला होता.

जोतीरावांना मंडईचे महत्त्व कळत नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांचे घराणे फुलांच्या व्यवसायातले; शेतकऱ्याची दैना त्यांनी जन्मभर मांडली. त्यांचा आक्षेप बाजाराला नव्हता, तर खर्चाच्या क्रमाला होता. बांधणाऱ्याचे नाव जाऊन मुंबईच्या मंडईला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव लागले, यात लोकशाहीचा एक संकेत दिसतो.

बदलता काळ

शहर वाढले, मालमोटारींची गर्दी झाली आणि घाऊक व्यापाराला जुनी जागा अपुरी पडू लागली. १९९६ मध्ये फळांचा घाऊक बाजार नवी मुंबईतील वाशीला हलविण्यात आला. किरकोळ विक्री मूळ जागी चालू राहिली. पुढे महापालिकेने या वारसा वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले.

गावोगावच्या पंचायतींपुढेही बाजाराचे प्रश्न आहेत. प्रमाण लहान, स्वरूप तेच. आठवडे बाजाराला ओटे हवेत, पाणी हवे, सांडपाण्याचा निचरा हवा, उन्हापावसात बसणाऱ्या भाजीवालीच्या डोक्यावर छप्पर हवे. त्यासाठी क्रॉफर्ड यांची धडाडी लागते. परंतु हे काम आधी की शाळेची खोली आधी, देखभालीला दरसाल पैसा कोठून येणार, ओट्याचे भाडे त्या भाजीवालीला परवडेल काय, हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारण्यासाठी जोतीरावांचा निर्भयपणा लागतो. धडाडी नसेल तर काम उभे राहत नाही आणि प्रश्न विचारणारा नसेल तर उभे राहिलेले काम लोकांचे होत नाही. ज्या सभेत असा प्रश्न विचारला जाईल, तेथे त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी आणि त्याला उत्तरही मिळावे. स्वराज्य संस्थेच्या कारभाराची खरी परीक्षा तेथेच होते.