हिऱ्याच्या कुड्या



माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लेकीच्या लग्नात हिऱ्याच्या कुड्या करायचं ठरलं, तेव्हा हिरे येतात कुठून, हे मी वाचून काढलं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगाला हिरे मुख्यतः आपल्या गोवळकोंड्याच्या मुलखातून मिळत. पुढे १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीजवळ एका शेतकऱ्याच्या मुलाला चमकता खडा सापडला. तो २१ कॅरटचा हिरा निघाला! १८७१ साली किंबर्लेची खाण सुरू झाली. १९१४ पर्यंत तिथून सव्वादोन कोटी टन माती उपसली. हिरे मिळाले अवघे २७२२ किलो. १८८५ पासून तिथल्या काळ्या मजुरांना कराराचे महिने संपेपर्यंत कुंपणाआड कोंडून ठेवू लागले. बाहेर सोडताना अंगावरचे कपडे उतरवून झडती घेत.

वाचता वाचता माझा हात कानाकडे गेला. माझ्या कुड्या सासूबाईंनी दिलेल्या. त्यांतले हिरे कुणाच्या घामाचे, कोण जाणे! लेकीला सारं सांगितलं. ती म्हणाली, "आई, नव्या नकोत, तुझ्याच दे." मी तिथल्या तिथे काढून दिल्या.

माझे कान आज रिकामे का, असं कुणी विचारलंत, तर त्याचं उत्तर एवढंच.