'खात जा रे' म्हणून भागत नाही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "काका, बँकेतले अनुभव सांगा." पण बँकेचं कौतुक तुम्ही पंचवीस वर्षं जिन्यात ऐकतच आला आहात. आज घरातली गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे.

माझं मूळ गाव कौंडण्यपूर. वर्धा नदीचा काठ, रुक्मिणीचं माहेर. माझी धाकटी बहीण गावातच असते. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी माझ्याकडे राहायला आला. वय बावीस, उंची साडेपाच फूट, वजन 44 किलो. आपण सगळ्यांनीच त्याला "अरे, खात जा रे" म्हटलेलं आहे. मीही म्हटलं.

एक दिवस तो म्हणाला, "मामाजी, छातीत दाबल्यावानी वाटते. जिना चढलो का थकून जातो." मी काय उत्तर दिलं? "रात्री मोबाईल कमी पाहा, सकाळी फिरायला जा." एका दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला आला. मग कोणी पित्त म्हटलं, कोणी परीक्षेचं टेन्शन. रक्त कमी म्हणून दहा महिने लोहाच्या गोळ्या झाल्या. गावाकडे बहिणीने नजर उतरवली. वजन मात्र 44 चं 45 होईना.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी चार प्रश्न विचारले. लहानपणी सांधे दुखायचे का? डोळे पिवळे व्हायचे का? बहीण म्हणाली, "दरसाल थंडीत दुखत होते ना जी! वात समजून तेल लावत होतो." बाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली. निदान निघालं सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतील तिथे दुखतं, कधी हाडात, कधी सांध्यात, कधी छातीत. बँकेच्या भाषेत सांगतो. चांगली लाल पेशी म्हणजे सुमारे 120 दिवसांची ठेव. सिकलसेलमध्ये ती दहा-वीस दिवसांतच मोडते. मग खात्यात शिल्लक राहणार कशी? थकवा येणारच.

हा आजार जगाला पहिल्यांदा कळला तोही अशाच एका पोरामुळे. ग्रेनेडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला गेलेला विशीतला विद्यार्थी. खोकला, धाप, थकवा. डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींबद्दल लिहिलं. तो शिकून मायदेशी गेला, दंतवैद्य झाला आणि 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला. तेव्हा उपाय नव्हता. आज पूर्ण बरं करणं सोपं नसलं तरी हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. पाणी भरपूर प्यायचं, थंडीपासून जपायचं. आणि ताप, धाप व छातीत दुखणं एकत्र आलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता खरी अवघड गोष्ट. हा आजार आई-बाप दोघांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. माझी बहीण वाहक, म्हणजे मीही असू शकत होतो. सत्तरी ओलांडल्यावर मी बोटाला सुई टोचून घेतली. मी वाहक निघालो. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं तपासली, स्वतःचं रक्त कधी तपासलं नाही! नशीब की आमची सौ. वाहक नाही.

तेव्हाच भाचीची सोयरीक ठरत होती. तीही वाहक. घरात सूर निघाला, "सांगू नका, मोडन." मी म्हटलं, कर्ज लपवून जामीनदार करता येत नाही, तर मुलगी कशी द्यायची? मी स्वतः जाऊन सांगितलं. पाहुणे दोन दिवस गप्प होते. ते दोन दिवस बहीण माझ्याशी बोलली नाही. मग मुलाने स्वतःची तपासणी केली. तो वाहक नव्हता, म्हणजे मुलांना आजार होण्याचा प्रश्न नव्हता. लग्न झालं. जेवायला तुम्ही होताच.

हा फक्त मेळघाटचा, फक्त आदिवासींचा आजार, असं कोणी म्हणू नये. आपल्या विदर्भात अनेक समाजांत तो आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली आहे, सरकारी तपासणी मोफत आहे.

प्रत्येक बारीक पोराला सिकलसेलच असतो, असंही नाही. कोणाला क्षयरोग असतो, कोणाला थायरॉईड, कोणाच्या हृदयाची झडप खराब, कोणी खरंच मेसमध्ये अर्धपोटी. ते डॉक्टर ठरवतील. आपण "खात जा" म्हणून मोकळं होऊ नये, एवढंच.

भाचा आज 49 किलोचा आहे. मागच्या रांगेत बसलाय. लाजतोय, टाळ्या नका वाजवू.

माझी कमिटीला एकच विनंती. रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक पैशातून कमानीला रंग देण्याआधी सभागृहात एक रक्ततपासणी शिबिर घ्या. लग्नाच्या वयाची सगळी मुलंमुली येऊ द्या. पहिल्या खुर्चीवर त्यांचे आई-बाप बसू द्या.

जय विदर्भ, जय महाराष्ट्र.