चाळीस सेकंदांचे रहस्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी चित्रपट काढायचे ठरवले. चित्रपट म्हणजे दहा मिनिटांचा रहस्यपट, तोही मोबाईलवर. गावातली तीन मुले एकामागून एक नाहीशी होतात, अशी त्याची गोष्ट. ती अजून पुरती जुळलीही नव्हती. पण चित्रपटाआधी दाखवायची छोटी झलक, जिला हल्ली सगळे टीझर म्हणतात, ती मात्र त्यांना आधी हवी होती. मी म्हटले, करा बाबांनो. चाळीस सेकंदांचे तर काम!

आता बघा, तमाशात गण झाला, गवळण झाली, की पुढे वग येणार हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. तसेच रहस्यपटाचेही काही ठरलेले संकेत आहेत. करकरणारे दार, अर्धवट अंधार, पाठमोरा माणूस, कुठून तरी येणारी पावले. एवढे दिसले-ऐकले की प्रेक्षक सावरून बसतो. चाळीस सेकंदांत पात्रांची ओळख करून द्यायला वेळ कुठला? म्हणून हे संकेत कामाला येतात. प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक आहे, त्याच्यावर आपले ओझे टाकायचे.

आमच्या मुलांनी मात्र सगळेच संकेत एकदम वापरले. वीज कडाडली, घुबड ओरडले, सुरी चमकली, कुंकवाच्या पाण्याचे रक्त वाहिले आणि शेवटी एक किंकाळी. सातवीच्या वर्गाला दाखवले, तर वर्ग पोट धरधरून हसला! बिचारी मुले रडकुंडीला आली. त्यातल्या एका मुलीने विचारले, ‘सर, किंकाळी दरवेळी मुलीनंच का मारायची?’ मला उत्तर सुचले नाही. किंकाळी काढून टाकली.

मग मी त्यांना आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ या चित्रपटाची जाहिरात दाखवली. १९६० सालची, सहा मिनिटांहून थोडी मोठी. तिच्यात चित्रपटातला एकही प्रसंग नाही. स्वतः हिचकॉक, एखादे घर विकायला काढलेल्या दलालासारखे, आपल्याला ती जागा हिंडून दाखवतात. हा जिना, ही खोली, ही न्हाणी. काय घडले ते सांगायला लागतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे चालू लागतात. मुले जिन्याकडे बघतच राहिली. जिना तो, साधा लाकडी!

तिथून आमचे काम मार्गी लागले. मुलांनी घुबड सोडले आणि हजेरीपट घेतला. संध्याकाळचा रिकामा वर्ग. एक आवाज नावे पुकारतो. पहिले नाव, ‘हजर’. दुसरे नाव, ‘हजर’. बाके मात्र रिकामीच. तिसऱ्या नावाला उत्तर नाही. पेन थांबते, पागोळ्यांचा आवाज तेवढा येत राहतो आणि पडदा काळा होतो. तुम्ही रेडिओ ऐकणारी मंडळी. न दिसणाऱ्या माणसाचा आवाज काय करतो, हे तुम्हांला मी काय सांगावे?

पण खरी अडचण पुढेच होती. रहस्यपट म्हटला की संशयित हवा. हाही संकेतच. मुलांनी तो आधीच टिपून आणला होता. गावाबाहेर पाल टाकून राहिलेला, झोळी घेऊन दारोदार फिरणारा एक म्हातारा. झाडाआड उभे राहून, त्याला नकळत, त्याचे चित्रण केलेले. खाली मंद, घुमणारे संगीत. खोटे कशाला बोलू, अंगावर काटा आला. आणि तेवढ्यासाठीच मी म्हटले, हे निघाले पाहिजे.

‘पण सर, शेवटी तो निर्दोषच निघतो की!’ दिग्दर्शक झालेला मुलगा तावातावाने म्हणाला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. भलत्यावर संशय पाडायचा आणि अखेरीस तो दूर करायचा, ही रहस्यकथेची जुनी रीत आहे. मात्र तो शेवट चित्रपटात असतो. टीझरला शेवट नसतो. त्यात संशय तेवढा असतो आणि तो या फोनवरून त्या फोनवर एकटाच फिरतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे काय झाले, ते मी मुलांना सांगितले. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. त्याच वर्षी आपल्या देशात एक चित्रफीत फोनवर फिरत होती. मोटारसायकलवरून येऊन दोघे जण एका मुलाला उचलून नेतात, अशी. ती मुळात कराचीत, पालकांनी मुलांना जपावे म्हणून केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवटच कापून टाकला होता.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दिग्दर्शकाने फोन काढला आणि ते चित्रण पुसले. रागातच पुसले, हेही सांगतो. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘सर, संशयित तर लागणारच. तुम्ही व्हाल का?’

तेव्हा आता टीझरमध्ये तिसऱ्या नावाला उत्तर येत नाही, तेव्हा सावकाश हजेरीपट मिटून, दिवा मालवून, पाठमोरा बाहेर पडणारा आणि वर्गाला कुलूप लावणारा माणूस मी आहे. परवा दूध घालायला आलेला गवळी दारातच थबकला. म्हणाला, ‘गुरुजी, ती पोरं कुठं ठेवलीत?’